सेल्फ फिरतोय पण जीप सुरू होत नाही? याच प्रश्नापायी रुडॉल्फ डिझेलचं आख्खं आयुष्य गेलं

डिसेंबरची सकाळ. दारात जुनी महिंद्रा एमएम ५४० उभी. चावी फिरवली, सेल्फ मारला, इंजिन घर्र घर्र फिरतंय पण पेट घेत नाहीये. दुसऱ्यांदा मारला, तिसऱ्यांदा मारला. आता बॅटरी पण बसायला लागली.

मग गल्लीतला मेकॅनिक येतो. आता मुरलेला मेकॅनिक असेल तर तो आधी बॉनेट उघडत नाही. तो गाडीच्या मागं जाऊन उभा राहतो आणि तुम्हाला परत एकदा सेल्फ मारायला सांगतो. त्याला सायलेन्सरमधून धूर येतो का ते बघायचं असतं.

धूरच येत नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाहीये. पांढरा धूर येतोय आणि त्याला कच्च्या डिझेलचा वास आहे, म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाहीये. अर्ध्या मिनिटात निम्मा तपास संपला. पहिल्या केसमध्ये टाकी, फिल्टर, पंप या बाजूला शोधायचं. दुसऱ्या केसमध्ये हीटर, कॉम्प्रेशन आणि पंपाचं टायमिंग.

डिझेल पोचतंय का आणि पोचलं तर पेटतंय का, हे दोन प्रश्न आज कुठल्याही गॅरेजमध्ये पोरगं पण विचारतं. पण हे प्रश्न सगळ्यात पहिल्यांदा ज्याला पडले त्याची यापायी तब्येत गेली, पैसा गेला आणि शेवटी तो स्वतःच एका रात्री जहाजावरून गायब झाला. त्याचं आडनाव आपण रोज पंपावर घेतो.

रुडॉल्फ डिझेल. इंधनात आणि माणसात गोंधळ नको म्हणून आपण त्याला रुडॉल्फच म्हणू.

रुडॉल्फ जर्मन होता हे खरं, पण जन्मला पॅरिसमध्ये. १८ मार्च १८५८. आईवडील मूळचे बव्हेरियाकडचे. वडील चामड्याच्या वस्तू बनवायचे आणि पोरगं त्या वस्तू गिऱ्हाइकांकडं पोचवायचं. उरलेल्या वेळात हा गडी पॅरिसच्या तांत्रिक संग्रहालयात जाऊन जुनी वाफेची यंत्रं बघत बसायचा.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि पॅरिसमधल्या जर्मन लोकांना शहर सोडावं लागलं. डिझेल कुटुंब लंडनला गेलं. तिथं पोटाची पंचाईत, म्हणून १२ वर्षांच्या रुडॉल्फला एकट्यालाच जर्मनीतल्या आउग्सबुर्गला नातेवाइकांकडं धाडलं. त्यांच्या घरातले काका गणिताचे मास्तर होते. पोराचं नशीब तिथं फिरलं. चौदाव्या वर्षी त्यानं घरी कळवून टाकलं की आपल्याला इंजिनिअर व्हायचंय. घरच्यांना वाटत होतं की त्यानं लवकर कमवायला लागावं. पण त्याला शिष्यवृत्ती मिळाली आणि तो म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला.

तिथं त्याला कार्ल फॉन लिंडे हे प्राध्यापक भेटले. बर्फ बनवणाऱ्या यंत्रांच्या दुनियेतलं हे फार मोठं नाव. लिंडे वर्गात वाफेच्या इंजिनाचा हिशोब मांडायचे. १०० रुपयांचा कोळसा जाळला तर त्यातल्या जेमतेम दहाएक रुपयांचं काम होतं, बाकीची उष्णता वाया जाते, असा तो हिशोब. रुडॉल्फच्या डोक्यात हे जे बसलं ते कायमचं.

१८७९ मध्ये ऐन परीक्षेच्या वेळी त्याला टायफॉइड झाला. परीक्षा हुकली. पुढच्या संधीची वाट बघत त्यानं स्वित्झर्लंडच्या झुल्झर कंपनीत काम केलं आणि १८८० मध्ये परीक्षा दिली ती थेट सर्वोच्च गुणांनी. लगेच लिंडेंनी त्याला पॅरिसला आपल्या बर्फाच्या कारखान्याच्या कामावर घेतलं. १८८३ मध्ये मार्था फ्लाशेशी लग्न झालं, पुढं तीन पोरं झाली. नोकरी चांगली, घर चांगलं. दुसरा कुणी असता तर इथंच निवांत झाला असता.

पण याला वाफेच्या इंजिनाची ती उधळपट्टी झोपू देत नव्हती. त्यानं पाण्याच्या वाफेऐवजी अमोनियावर चालणारं इंजिन करून बघितलं. त्यात एकदा स्फोट झाला, जिवावर बेतलं आणि कित्येक महिने हॉस्पिटलमध्ये काढावे लागले. बरा झाल्यावर त्यानं अमोनिया सोडला. इंजिनाचा नाद मात्र सुटला नाही.

सायकलचा पंप गरम का होतो?

आता इथं थोडं थांबू. रुडॉल्फची आयडिया कळल्याशिवाय पुढची मजा नाही.

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम लागतं. हवा दाबली की ती तापते, एवढाच विषय. मग ती प्रचंड दाबली तर? इतकी तापेल की त्यात इंधन सोडलं की ते आपोआप पेटेल. काडी नको, ठिणगी नको. आग्नेय आशियात याच तत्त्वावर चालणारी नळी असायची, दांडा जोरात आत मारला की आतला कापूस पेटायचा. रुडॉल्फनं शिकत असताना अशी नळी बघितली होती असं सांगतात.

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन आधीच मिसळलेलं असतं आणि स्पार्क प्लग ठिणगी पाडतो. डिझेल इंजिनात आधी नुसती हवा दाबतात. आपल्या जुन्या जिपांमध्ये ती साधारण विसाव्या हिश्श्याएवढ्या जागेत कोंबली जाते. हवा ५०० अंशांच्या पुढं तापते आणि बरोबर त्या क्षणी नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा आत येतो.

म्हणूनच थंडीत जीप सुरू होत नाही. इंजिनाचं लोखंड गार असतं, ते दाबलेल्या हवेची उष्णता पिऊन टाकतं. त्यात बॅटरी मरगळलेली असली की सेल्फ हळू फिरतो, हवेला निसटायला वेळ मिळतो आणि ती पुरेशी तापतच नाही. ज्या इंजिनांमध्ये डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटतं, तिथं त्या कप्प्यात हीटर प्लग दिलेला असतो. चावी फिरवल्यावर थोडं थांबायला सांगतात ते त्या हीटरसाठी. चारातले दोन हीटर गेले की गाडी उन्हाळ्यात बिनबोभाट सुरू होते आणि थंडीत मालकाचा अंत बघते. लोक पंप उतरवायला निघतात आणि दोष निघतो हीटरमध्ये. हीटरची वायर सोडून टेस्ट लॅम्पनं प्रत्येक हीटर तपासायला दहा मिनिटं लागतात. पंप उतरवण्याआधी ती दहा मिनिटं द्यायला हरकत नाही.

असो. १८९० मध्ये रुडॉल्फ बर्लिनला आला आणि फेब्रुवारी १८९२ मध्ये त्यानं पेटंटचा अर्ज केला. पुढच्या वर्षी पेटंट मिळालं, त्याच वर्षी त्यानं आपल्या कल्पनेचं पुस्तकही काढलं. आउग्सबुर्गच्या यंत्र कारखान्याचे प्रमुख हाइनरिश फॉन बुझ आधी तयार नव्हते, पण शेवटी त्यांनी जागा आणि माणसं दिली. हाच कारखाना पुढं मान या नावानं जगभर गेला. क्रुप कंपनी वर्षाला ३० हजार मार्क द्यायला तयार झाली. आता इंजिन चालवून दाखवायचं होतं.

१० ऑगस्ट १८९३. कारखान्यात सुमारे तीन मीटर उंचीचं एकच सिलिंडरचं इंजिन उभं होतं. त्याला स्वतःहून फिरता येत नव्हतं, कारखान्याच्या शाफ्टवरून पट्टा लावून ते फिरवलं जात होतं. आत पेट्रोल सोडलं आणि धाडकन आवाज झाला. दाब मोजायचं उपकरण फुटून तुकडे उडाले. रुडॉल्फ थोडक्यात वाचला.

दुसरा माणूस घाबरून घरी गेला असता. पण या स्फोटातून रुडॉल्फला पाहिजे ते कळलं होतं. ठिणगी न देता, नुसत्या दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं इंधन पेटलं होतं.

म्हणजे पेटण्याचा प्रश्न सुटला. पोचण्याचा प्रश्न मात्र आता कुठं सुरू झाला होता.

खरी मेख पंपात होती

विचार करा. सिलिंडरमध्ये हवा आधीच प्रचंड दाबलेली आहे. त्या दाबाच्या विरोधात बाहेरून इंधन आत घुसवायचंय. तेही धार म्हणून नाही, धुक्यासारखं बारीक करून. मोजून थेंबभर, आणि सेकंदाच्या छोट्याशा भागात. थेंब जास्त झाला की काळा धूर, कमी झाला की इंजिन बंद, लवकर गेला की इंजिनाला हातोडा मारल्यासारखे ठोके आणि उशिरा गेला की पांढरा धूर.

१८९३ मध्ये असा पंप बनवणं शक्यच नव्हतं. आज डिझेल पंपातला दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यात दोन-चार मायक्रॉनचीच फट असते, माणसाच्या केसापेक्षा कितीतरी बारीक. एवढ्या अचूकतेनं हजारो नग कापायची यंत्रंच तेव्हा नव्हती. रुडॉल्फच्या डोक्यात तर सुरुवातीला कोळशाची पूड जाळायचंही होतं. ते बारगळलं.

पंप जमेना म्हणून त्यानं वेगळी वाट काढली. एक वेगळा कॉम्प्रेसर लावून हवा आणखी जास्त दाबायची आणि त्या हवेच्या झोतानं इंधन फुंकून आत घालायचं. हे चाललं. १७ फेब्रुवारी १८९४ ला इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या जिवावर फिरलं. एक मिनिटभर, ८८ फेऱ्यांच्या वेगानं. सांगतात की शाफ्टवरच्या पट्ट्याचा ताण अचानक उलटा झाल्याचं एका कामगाराच्या लक्षात आलं. म्हणजे आता कारखाना इंजिनाला फिरवत नव्हता, इंजिनच कारखान्याला ओढायला बघत होतं.

त्यानंतर अजून तीन वर्षं घासाघीस चालली. १८९७ च्या फेब्रुवारीत म्युनिकचे प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी नव्या इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. सुमारे २० हॉर्सपॉवरचं हे धूड इंधनातल्या २६.२ टक्के उष्णतेचं काम करून देत होतं. वाफेच्या इंजिनाच्या दुपटीपेक्षा जास्त. सगळ्या युरोपात बोलबाला झाला. अमेरिकेतला बिअरसम्राट अडॉल्फस बुश यानं तिकडचे हक्क १० लाख मार्कांना घेतले. चाळिशीच्या आत रुडॉल्फ करोडपती झाला.

आणि इथूनच गाडी घसरली.

पहिलं विकलेलं इंजिन १८९८ मध्ये केम्प्टनच्या आगपेटीच्या कारखान्यात बसलं. दोन सिलिंडर, ६० हॉर्सपॉवर. योगायोग बघा, काडीशिवाय पेटणारं इंजिन काड्या बनवणाऱ्यांनी घेतलं. पण ते सारखं बंद पडायचं. कंपनीची माणसं तिथं ठाण मांडून दुरुस्त्या करत होती. बाकी गिऱ्हाइकांकडूनही तक्रारी यायला लागल्या. कॉम्प्रेसर बिघडायचा, इंधन फुंकणारा भाग तुंबायचा, झडपा गळायच्या. चाचणीच्या खोलीत तज्ज्ञ इंजिनिअरच्या हाताखाली चालणारं यंत्र आणि गिरणीत साध्या कामगाराच्या हाती चालणारं यंत्र यात फार फरक असतो. रुडॉल्फनं तो फरक पुरेसा ओळखला नाही, असं त्याची गोष्ट वाचताना वाटतं. इंजिन तयार झालं असं जाहीर करायची घाई त्याला नडली.

त्यात कोर्टकज्जे. पेटंटमध्ये लिहिलेलं इंजिन वेगळं आणि प्रत्यक्ष चालणारं वेगळं, असा विरोधकांचा मुद्दा होता. तो अगदीच खोटा नव्हता. पेटंटमध्ये इंधन जळताना तापमान वाढणार नाही असं गृहीत धरलं होतं आणि खऱ्या इंजिनात ते जमणारच नव्हतं. शिवाय इंग्लंडमध्ये हर्बर्ट अक्रॉइड स्टुअर्ट या माणसानं १८९० मध्येच हवेच्या झोताशिवाय, थेट पंपानं तेल आत घालणाऱ्या इंजिनाचं पेटंट घेतलेलं होतं. त्याच्या इंजिनात हवा कमी दाबली जायची, त्यामुळं सुरू करताना डोक्याचा भाग बाहेरून दिव्यानं तापवावा लागायचा. गंमत अशी की आजच्या जीपमध्ये या दोघांचंही आहे. हवा रुडॉल्फसारखी दाबायची आणि डिझेल अक्रॉइडसारखं पंपानं आत घालायचं. नाव मात्र एकाचंच राहिलं.

या सगळ्या ताणानं १८९८ च्या शेवटाला रुडॉल्फ पार कोलमडला. डोकेदुखी, निद्रानाश. त्याला काही महिने सॅनेटोरियममध्ये राहावं लागलं. तिकडं इंजिनाचं काम इतरांनी पुढं नेलं. रुडॉल्फनं पैसा जमिनींमध्ये आणि तेलविहिरींमध्ये गुंतवला आणि तिथंही हात पोळले. म्युनिकमध्ये बंगला मात्र राजवाड्यासारखा बांधला.

शेंगदाण्याच्या तेलावर चाललेलं इंजिन

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या इंजिनाला सर्वोच्च बक्षीस मिळालं. तिथंच ओटो कंपनीनं एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं. शेंगदाणा तेलाची ही गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर अशी फिरते की रुडॉल्फनं इंजिन मुळात खाद्यतेलासाठीच बनवलं होतं आणि पेट्रोलियमवाल्यांनी ते दाबलं. तसं नाहीये. कल्पना फ्रेंच सरकारची होती, त्यांना आफ्रिकेतल्या वसाहतींमध्ये पिकणाऱ्या शेंगदाण्यावर इंजिनं चालवता येतात का ते बघायचं होतं. रुडॉल्फला मात्र ती गोष्ट भावली. शेवटच्या वर्षांत त्यानं वनस्पती तेलं पुढं कधीतरी मोठं इंधन होतील अशी शक्यता बोलूनही दाखवली. (म्हणून आपल्या जुन्या जीपमध्ये किचनमधलं तेल ओतू नका. ते घट्ट असतं, थंडीत फिल्टर तुंबतो आणि नोझलवर कार्बन बसतो.)

इंजिन मात्र हळूहळू सुधारत गेलं. कारखाने, पाणीपुरवठा, मग बोटी, पाणबुड्या. अमुंडसेन दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेला गेला ते फ्राम जहाज डिझेल इंजिनाचं होतं. १९१२ मध्ये सेलांडिया हे डेन्मार्कचं मालवाहू जहाज कोपनहेगनहून बँकॉकला गेलं आणि वाफेशिवाय महासागर ओलांडता येतो हे जगाला दिसलं. जहाजाला कॉम्प्रेसरचं ओझं जड नव्हतं. सुरू करायला दाबलेल्या हवेच्या टाक्या असायच्या, ती हवा सिलिंडरमध्ये सोडून अजस्र इंजिन फिरवायचं.

पण ट्रकमध्ये आणि मोटारीत हे बसणार कसं? इंजिनाइतकाच अवघड कॉम्प्रेसर सोबत वागवायचा? रुडॉल्फनं १९०८ च्या सुमारास ट्रकसाठी छोटं इंजिन करून बघितलं. चाललं नाही. रस्त्यावरची गाडी डिझेलवर धावेल यावर त्याचा विश्वास होता. ती धावताना बघणं त्याच्या नशिबात नव्हतं. तोवर मूळ पेटंटची मुदतही संपली होती. आता कुणीही इंजिन बनवायचं आणि रुडॉल्फला दमडी द्यायची गरज नाही.

२९ सप्टेंबर १९१३. रुडॉल्फ बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात ड्रेस्डेन नावाच्या जहाजावर चढला. इंग्लंडमध्ये एका डिझेल कंपनीची बैठक होती. सोबत दोन ओळखीची माणसं होती. रात्री तिघं जेवले, डेकवर फिरले आणि दहाच्या सुमारास रुडॉल्फ केबिनमध्ये गेला. सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून ठेवलं होतं.

सकाळी केबिन रिकामी. बिछान्यावर कुणी झोपलेलंच नव्हतं. रात्रीचे कपडे नीट मांडून ठेवलेले. डेकच्या मागच्या कठड्याजवळ त्याची टोपी आणि घडी घातलेला ओव्हरकोट सापडला. डायरीत त्या तारखेसमोर एक छोटी फुली होती.

दहाएक दिवसांनी एका डच बोटीला उत्तर समुद्रात मृतदेह दिसला. तो इतका खराब झाला होता की खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह परत समुद्रात सोडला. चष्म्याचं घर, पाकीट, गोळ्यांची डबी. धाकटा मुलगा ऑइगेन यानं त्या ओळखल्या.

जर्मन हेरांनी मारलं, तेलसम्राटांनी मारलं, मेलाच नाही तर नाव बदलून पळाला, अशा थिअऱ्या तेव्हापासून आजपर्यंत चालू आहेत. यातली पाणबुडीचं गुपित इंग्रजांना विकायला निघाला होता ही थिअरी जास्त खपते. पण डिझेल इंजिनाचं गुपित तोवर राहिलं कुठं होतं? पेटंट संपलेलं, इंजिनं निम्म्या युरोपात बनत होती. उलट घरची परिस्थिती बघितली तर चित्र बरंच स्पष्ट दिसतं. निघण्याआधी त्यानं मार्थाकडं एक बॅग देऊन आठवडाभरानं उघडायला सांगितलं होतं. त्यात रोख पैसे होते आणि बँकेची खाती रिकामी झाल्याचे कागद. बंगल्यात राहणारा हा माणूस दिवाळखोर झाला होता आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

मरताना त्याचं वय ५५ होतं.

पंप आला, पण १४ वर्षं उशिरा

रुडॉल्फला नडलेला पंप शेवटी स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशच्या कंपनीनं बनवला. बॉश तोवर पेट्रोल गाड्यांचे मॅग्नेटो विकून मोठा झाला होता. डिझेलचं लोण ट्रकमध्ये येतंय हे ओळखून १९२२ मध्ये कंपनीनं इंजेक्शन पंपाचं काम हाती घेतलं. पाच वर्षं खपून १९२७ च्या शेवटी पंपाचं नियमित उत्पादन सुरू झालं. कॉम्प्रेसर गेला. ओंजळीत मावणाऱ्या एका डब्यातून प्रत्येक सिलिंडरला मोजून डिझेल जायला लागलं. १९३६ मध्ये मर्सिडीजनं २६० डी ही डिझेल कार बाजारात आणली, तिच्यातही बॉशचाच पंप होता.

आपल्याकडं ही गोष्ट दोन ठिकाणी येऊन टेकते. एक म्हणजे पुण्याचं खडकी. १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि विहिरीवरचं टुक टुक वाजणारं इंजिन गावोगाव पोचलं. त्याला ना सेल्फ ना बॅटरी. डीकॉम्प्रेशनचा खटका उचलायचा म्हणजे हवा दाबली जात नाही, हँडलनं फ्लायव्हील गरागरा फिरवायचं आणि वेग आला की खटका सोडायचा. दाब, उष्णता, पेट. रुडॉल्फचा सगळा सिद्धांत एका खटक्यात. दुसरं ठिकाण नाशिक. नाशिककर ज्याला मायको म्हणतात ती सातपूरची कंपनी म्हणजे बॉशचीच, तिथं डिझेलची नोझल बनत आली. मायको सर्कलचं नाव तिथूनच आलं.

आता त्या एमएम ५४० कडं. म्हणजे रुडॉल्फचा पोचण्याचा प्रश्न आज तपासायचा कसा?

सायलेन्सरमधून धूर अजिबात नाही असं गृहीत धरू. आधी फुकटातल्या गोष्टी. टाकीत डिझेल आहे ना, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलंय का, फिल्टरमध्ये पाणी साचलंय का. मग पंप. रोटरी पंप असेल तर त्यावर डिझेल बंद-चालू करणारा छोटा सोलेनॉइड असतो. चावी ऑन केल्यावर तिथं टक् असा आवाज यायला पाहिजे. आवाज नसेल तर पंपाचा दोष नाही, वायर किंवा सोलेनॉइड बघा. केबल ओढून बंद होणाऱ्या गाडीत ती केबल ओढलेल्या जागीच अडकलीय का ते बघा. ऐकायला बावळट वाटतं, पण याच कारणानं पंप खोललेल्या गाड्या असतात.

त्यानंतर सगळ्यात जास्त आढळणारा रोग, लाइनमध्ये एअर. संध्याकाळी गाडी मस्त चालली, रात्रभर उभी राहिली आणि सकाळी मिनिटभर सेल्फ खाल्ल्याशिवाय सुरू होईना, तर पहिला संशय यावरच घ्या. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपात डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. त्यामुळं तिथं चीर पडली तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत शिरते आणि रात्रीत डिझेल टाकीकडं परत उतरतं. बाहेरून सगळं कोरडं दिसतं आणि मालक म्हणतो गळती नाहीच. फिल्टरनंतर थोडा पारदर्शक पाइप जोडून बघितला की बुडबुडे दिसतात. फिल्टरवरचा एअरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारत राहायचं, फेस जाऊन सलग डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. हातपंप मारल्यावर गाडी लगेच सुरू झाली तर तुमचा मोठा पंप बहुतेक ठणठणीत आहे. जुने रबरी पाइप आणि तांब्याचे वॉशर बदला, शे-दोनशेत काम होतं.

तरी नाही झाली तर नोझलकडं जाणारा एक नट थोडा ढिला करून सेल्फ मारतात आणि तिथून झटक्याझटक्यानं डिझेल येतंय का बघतात. हे फक्त जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत, आणि तेही जाणकारानं. नोझलला शंभर-दोनशे बारचा दाब लागतो. त्या धारेसमोर बोट आलं तर डिझेल कातडी फोडून आत जातं. कॉमन रेलच्या नव्या गाडीत तर हा प्रकार करायचाच नाही.

उलटी तक्रार पण असते. सकाळी गाडी एका झटक्यात सुरू होते, मात्र घाट चढून हॉटेलवर चहाला थांबलो की परत सुरूच होत नाही. इथं पंपाकडं बोट दाखवता येतं. गरम झालेलं डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या दट्ट्याच्या फटीतून निसटतं, त्यामुळं सेल्फच्या कमी वेगात दाब तयार होत नाही. गॅरेजवाले अशा वेळी पंपावर ओलं फडकं टाकून थोडा वेळ थांबतात. पंप गार झाल्यावर गाडी सुरू झाली तर दट्ट्या झिजल्याची ती बऱ्यापैकी पक्की खूण. पण तापलेल्या पंपावर थेट गार पाणी ओतू नका, आतले भाग आकसून पंप जाम होऊ शकतो. तेव्हा मात्र पंप उतरवून कॅलिब्रेशनवाल्याकडं न्यावाच लागतो. तिथं टेस्ट बेंचवर प्रत्येक सिलिंडरला किती डिझेल जातंय ते काचेच्या नळ्यांमध्ये मोजतात. तो आकडा बघितल्याशिवाय पंप बदलायला हो म्हणू नका.

आउग्सबुर्गच्या एका बागेत आज रुडॉल्फचं स्मारक आहे. ते जपानमधल्या यानमार कंपनीच्या मागोकिची यामाओका यांनी १९५० च्या दशकात भेट दिलं. यामाओकांनी १९३३ मध्ये शेतकऱ्याला परवडेल असं छोटं डिझेल इंजिन बनवलं होतं. स्मारकाचे मोठाले दगड थेट जपानहून आणलेले आहेत. रुडॉल्फची कबर मात्र कुठंच नाही.